मूळ संहितेची फाइल आणि तिचे वाचक

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून, तेथील जुन्या किल्ल्यामुळे आणि ‘चकोता’ या पपनसाच्या जातीच्या फळामुळे ते पूर्वीपासून ज्ञात होते. २४ मे २००८ रोजी याच परिसरात बेंगळुरूचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ वाहतुकीस खुला झाला आणि गावाच्या नावाला एक नवा अर्थ जोडला गेला. २०१३ मध्ये या विमानतळाला शहराचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव देण्यात आले. २०१९ च्या अखेरीस पहिल्या धावपट्टीला समांतर अशी दुसरी धावपट्टी वापरात आली. दोन्ही पूर्व-पश्चिम आहेत आणि प्रत्येकीची लांबी चार हजार मीटर आहे.

संगणकाच्या आज्ञावलीविषयीच्या व्याख्यानाचा आरंभ धावपट्टीपासून व्हावा, याला कारण आहे. आजच्या कोणत्याही मोठ्या विमानतळावर तिकिटे, सामान, विमानांच्या वेळा आणि हवामानाची माहिती यांचे व्यवहार संगणकाच्या साहाय्याने चालतात. यांतील प्रत्येक व्यवहारामागे एखादी आज्ञावली असते, आणि प्रत्येक आज्ञावली कोणीतरी माणसाने प्रथम साध्या अक्षरांत लिहिलेली असते. त्या लेखनाला मूळ संहिता म्हणतात व ते ज्यात जतन केले जाते ती मूळ संहितेची फाइल होय. ही फाइल कशी असते, तिचे नियम कोणते आणि ते कोणाच्या सोयीसाठी केलेले आहेत, हा या व्याख्यानाचा विषय आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून धावपट्टीचे उदाहरण घेतले आहे. ते केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले असून त्या विमानतळावरील प्रत्यक्ष यंत्रणेचे वर्णन नव्हे.

संगणकाच्या यंत्रभागाला मराठी, कन्नड वा इंग्रजी यांपैकी कोणतीच भाषा कळत नाही. विद्युत्प्रवाहाच्या दोन अवस्था, ज्यांना शून्य आणि एक अशी नावे देतात, तेवढ्याच त्याला कळतात. उलट माणसाला शून्य आणि एक यांच्या लांबच लांब ओळी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून दोघांच्या मध्ये एक पायरी निर्माण करण्यात आली. माणसाने मर्यादित शब्दांच्या आणि काटेकोर व्याकरणाच्या एका कृत्रिम भाषेत लिहावे आणि त्या लेखनाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर दुसऱ्या एका आज्ञावलीने करावे, अशी ही व्यवस्था आहे. रूपांतर करणाऱ्या या आज्ञावलीला संकलक म्हणतात. संकलक अत्यंत कडक वाचक असतो. एखादा अर्धविराम राहिला तरी तो पुढे जाण्यास नकार देतो. परंतु व्याकरण शुद्ध असेल, तर चुकीचा विचारही तो निमूटपणे स्वीकारतो.

मूळ संहितेचे बाह्य रूप काळानुसार बदलत गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्या काळी संहिता जाड कागदाच्या कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत असत. एका कार्डावर ऐंशी रकाने आणि बहुधा संहितेची एकच ओळ. त्यामुळे एक आज्ञावली म्हणजे कार्डांचा एक गठ्ठा असे. गठ्ठा हातातून निसटला, तर ओळींचा क्रम मोडे. म्हणून फोर्ट्रान या भाषेत शेवटचे आठ रकाने संकलक वाचत नसे व त्यांत कार्डांचे अनुक्रमांक घालण्याची पद्धत होती. यंत्राच्या दृष्टीने निरुपयोगी अशी ही जागा होती. मात्र विस्कटलेला गठ्ठा पुन्हा लावणाऱ्या माणसाला तिचाच आधार असे. कार्डे गेली आणि संहिता चुंबकीय फिती व तबकड्यांवरील फायलींत आली, तरी यंत्रासाठी लिहिलेले आणि माणसासाठी लिहिलेले असे हे दोन भाग तिच्यात आजही एकत्र नांदतात.

आरंभीच्या आज्ञावल्या पाककृतीसारख्या होत्या: प्रथम हे करा, मग ते करा, असे होईपर्यंत पुन्हा तेच करा. काम लहान असेतोवर ही रीत पुरते. परंतु शेकडो प्रकारची माहिती आणि हजारो आज्ञा एकत्र आल्या, की कोणती आज्ञा कोणत्या माहितीला हात लावते हे कोणालाच नीट सांगता येत नाही. या अडचणीवर एक महत्त्वाचा उपाय नॉर्वेत निघाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन नीगार्द यांनी १९६० नंतरच्या दशकात सिम्युला ही भाषा घडविली. प्रत्यक्ष जगातील घडामोडींची संगणकावर प्रतिकृती करून पाहणे, हा तिचा मूळ हेतू होता. जगात जशा स्वतंत्र वस्तू असतात, तशाच त्या आज्ञावलीतही असाव्यात. प्रत्येक वस्तूने आपली माहिती आणि आपले वर्तन स्वतःजवळ बाळगावे, ही त्यांची कल्पना होती. पुढे अमेरिकेत ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक या भाषेत ती अधिक व्यापक केली. डेन्मार्कचे ब्यार्न स्ट्रूस्ट्रप यांनी १९७९ पासून सी भाषेला तिची जोड देण्याचे काम सुरू केले व त्यातून सी प्लस प्लस ही भाषा जन्मास आली. जेम्स गॉस्लिंग यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत विकसित केलेली जावा ही भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्व भाषांना वस्तुकेंद्री भाषा असे म्हणतात. पुढील विवेचन जावाच्या आधारे केले आहे, कारण फाइलीच्या नावापासून मांडणीपर्यंतचे तिचे नियम विशेष स्पष्ट आहेत.

वस्तुकेंद्री भाषेतील दोन मुख्य संज्ञा म्हणजे वर्ग आणि वस्तू. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा भेद नवा नाही. सातबाराच्या उताऱ्याचा नमुना ठरलेला असतो. त्यात भूमापन क्रमांक कोठे, क्षेत्र कोठे, कब्जेदाराचे नाव कोठे आणि पिकाची नोंद कोठे करावयाची हे निश्चित असते. परंतु कोरा नमुना म्हणजे कोणाची जमीन नव्हे. त्यात एखाद्या गटाची माहिती भरली गेली, म्हणजेच त्या विशिष्ट जमिनीचा उतारा तयार होतो. कर्नाटकात अशाच नोंदीला पहाणी म्हणतात. कोरा नमुना तो वर्ग, आणि भरलेला प्रत्येक उतारा ती वस्तू. मात्र कागदाचा उतारा स्वतः काही करू शकत नाही, तर संगणकातील वस्तू करू शकते. वर्गात माहितीच्या रकान्यांबरोबरच त्या माहितीवर करावयाच्या क्रियाही लिहिलेल्या असतात.

आता धावपट्टीचा वर्ग लिहावयाचा आहे असे मानावे. तो ज्या फाइलीत लिहावयाचा, ती साध्या अक्षरांची फाइल असते. तिच्यात ठळक अक्षरे, रंग वा चित्रे यांना स्थान नसते. फाइलीच्या अगदी वर पॅकेजची ओळ येते. हा वर्ग कोणत्या समूहात मोडतो, हे ती सांगते. एखाद्या कार्यालयात कपाट, त्यात खण आणि खणात फाइल असते. त्याप्रमाणे पॅकेजच्या नावाशी जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ही फाइल ठेवण्याचा प्रघात आहे. त्याखाली इम्पोर्टच्या ओळी येतात. दुसऱ्या पॅकेजमधील कोणते वर्ग येथे वापरले आहेत, त्यांची ती यादी असते. अनुभवी वाचक एवढ्या काही ओळींवरूनच पुढे काय येणार याचा अंदाज बांधतो. त्यानंतर वर्गाचे नाव आणि महिरपी कंस उघडतो. तो कंस बंद होईपर्यंतचा सर्व मजकूर त्या वर्गाचा असतो.

येथे जावाचा एक प्रसिद्ध नियम लागू होतो. जो वर्ग सर्वांसाठी खुला आहे, म्हणजे ज्याच्या आधी ‘पब्लिक’ हा शब्द आहे, असा वर्ग एका फाइलीत एकच असावा लागतो. आणि फाइलीचे नाव त्या वर्गाच्या नावाशी अक्षरशः जुळावे लागते. त्या नावापुढे एक टिंब आणि ‘जावा’ हा प्रत्यय, एवढाच काय तो फरक. वर्गाचे नाव धावपट्टी असेल आणि फाइलीचे विमानतळ, तर संकलक चूक दाखवून थांबतो. नवशिक्यांना हा नियम जाचक वाटतो. परंतु हजारो फायलींच्या संग्रहात एखादा वर्ग शोधणाऱ्याला त्याचे मोल कळते. ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठकण्यावर एक नाव आणि आतल्या पानावर दुसरेच असते, तर वाचकाची काय अवस्था झाली असती, याची कल्पना करावी.

‘अक्षरशः’ या शब्दावरही जोर द्यावयास हवा. इंग्रजीतील मोठी आणि लहान लिपी या जावाच्या दृष्टीने भिन्न आहेत. मराठीत असा भेद नाही. परंतु ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. मराठी वृत्तपत्रांत या गावाचे नाव कोठे ‘देवनहळ्ळी’ तर कोठे ‘देवनहल्ली’ असे छापलेले आढळते आणि दोन्ही वाचून मराठी माणूस एकच गाव समजतो. संकलक तसे समजत नाही. त्याच्या लेखी ही दोन गावे आहेत, आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व झाली तर ते तिसरे गाव. माणूस संदर्भावरून चूक सावरून घेतो. यंत्राला संदर्भ नसतो.

वर्गाच्या कंसात प्रथम माहितीचे रकाने येतात: धावपट्टीचा क्रमांक, तिची बाजू, तिची लांबी. धावपट्टीचे क्रमांक मनास येतील तसे दिलेले नसतात. चुंबकीय उत्तरेपासून धावपट्टीच्या दिशेचा जो कोन होतो, तो जवळच्या दहाच्या पटीत घेऊन त्यातील शेवटचे शून्य काढून टाकतात. पूर्वेकडे तोंड करून धावणाऱ्या विमानासाठी हा कोन सुमारे नव्वद अंश असतो, म्हणून क्रमांक ०९. त्याच पट्टीवर पश्चिमेकडे धावावयाचे तर २७. देवनहळ्ळीच्या दोन्ही पट्ट्यांचे क्रमांक म्हणूनच ०९ आणि २७ आहेत. समांतर पट्ट्या ओळखता याव्यात यासाठी त्यांना डावी आणि उजवी अशी जोड दिली जाते. एका टोकाकडून पाहता जी पट्टी ०९ डावी, तीच दुसऱ्या टोकाकडून पाहता २७ उजवी.

रकान्यांनंतर येणारा भाग म्हणजे रचनाकार. नवी वस्तू निर्माण होताना तिचे रकाने कसे भरावेत, हे तो ठरवितो. त्यानंतर क्रिया येतात. ‘विरुद्ध टोक सांग’ ही एक क्रिया घ्यावी. क्रमांक अठरा किंवा त्याहून कमी असेल, तर त्यात अठरा मिळवावेत. अधिक असेल तर अठरा वजा करावेत. आणि डावीचे उजवी, उजवीचे डावी करावे. वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या टोकाकडून उड्डाण करावे हे सुचविणारी दुसरी क्रिया लिहिता येईल, कारण विमाने शक्यतो वाऱ्याला सामोरी उडतात व उतरतात. हे हिशेब एकदाच, एकाच फाइलीत लिहिले जातात. सामानाची, वेळापत्रकाची वा इंधनाची आज्ञावली लिहिणाऱ्यांना ते पुन्हा करावे लागत नाहीत. त्यांनी धावपट्टीच्या वस्तूला विचारावे आणि उत्तर घ्यावे.

हे विश्वासार्ह राहावे यासाठी रकान्यांवर ‘प्रायव्हेट’ असा शब्द लिहितात. त्याचा अर्थ, या रकान्यांना या वर्गाबाहेरील कोणीही थेट हात लावू नये. क्रमांक १ ते ३६ यांच्या बाहेर असूच शकत नाही. रकाना उघडा ठेवला, तर दूरच्या एखाद्या फाइलीतील चुकीमुळे त्यात ४५ हा आकडा जाऊन बसेल आणि त्याचा परिणाम तिसऱ्याच ठिकाणी दिसेल. रकाना बंद ठेवून रचनाकारातच तपासणी केली, तर चूक दारातच अडते. तिजोरीची किल्ली सर्वांना देऊन नंतर हिशेब जुळत नाही म्हणून शोध घेण्यापेक्षा किल्ली एकाकडे ठेवणे, हाच या व्यवस्थेचा आशय आहे.

देवनहळ्ळीच्या क्रमांकात नवशिक्यासाठी एक लहानसा सापळाही दडलेला आहे. जावात एखादी पूर्ण संख्या शून्याने सुरू झाली, तर ती दशमान नसून अष्टमान पद्धतीतील आहे असे संकलक मानतो. अष्टमानात शून्यापासून सातपर्यंतचेच अंक असतात. त्यामुळे धावपट्टीच्या क्रमांकासाठी ०९ असे जसेच्या तसे लिहिले, तर संकलक तो नाकारतो. ही चूक निदान उघड होते. परंतु शोभेसाठी कोणी अकराच्या मागे शून्य लावले, तर संकलक काही न बोलता ती संख्या नऊ समजतो. विमानतळाच्या फलकावर शून्य केवळ जागा भरण्यासाठी असते. संहितेत त्याच शून्याने संख्येचा अर्थ पालटतो. एकच चिन्ह दोन परंपरांमध्ये दोन अर्थांनी वावरत असते, आणि फाइल लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक असावे लागतात.

संकलक या सर्व मजकुराचे रूपांतर करून ‘क्लास’ या प्रत्ययाची दुसरी फाइल तयार करतो. ती एखाद्या विशिष्ट संगणकाच्या भाषेत नसून जावाच्या काल्पनिक यंत्राच्या भाषेत असते. त्या काल्पनिक यंत्राचे काम करणारी आज्ञावली ज्या संगणकावर असेल, तेथे ती चालते. या दुसऱ्या फाइलीत संकलक एक गोष्ट मात्र नेत नाही. संहितेत दोन तिरक्या रेघांनंतर, किंवा रेघ-तारकांच्या जोडीमध्ये, लिहिलेला मजकूर तो पूर्णपणे गाळतो. या मजकुराला टीप म्हणतात. यंत्राच्या दृष्टीने टीप नसल्यातच जमा असते. कार्डांच्या गठ्ठ्यावरील अनुक्रमांकांप्रमाणे ती केवळ माणसासाठी असते. मग ती लिहिण्याचे कष्ट का घ्यावेत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर १९९६ मधील एका अपघाताने दिले.

बेंगळुरूला हे नाव परके नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने बनविलेला ॲपल हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या एरियान अग्निबाणाने अवकाशात नेला होता. त्याच मालिकेतील एरियान ५ या नव्या अग्निबाणाचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी त्याच तळावरून झाले. उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे चाळीस सेकंदांतच तो मार्ग सोडून वळला, तुटला आणि नष्ट झाला. त्याच्याबरोबर क्लस्टर या वैज्ञानिक मोहिमेचे चार उपग्रहही गेले. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने कारण शोधले, तेव्हा ते आज्ञावलीत सापडले.

दिशा मोजणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियान ४ वरून घेतलेली होती. तिच्यात आडव्या वेगाशी संबंधित अशी एक संख्या चौसष्ट बिटांच्या रूपातून सोळा बिटांच्या रूपात आणली जात होती. सोळा बिटांत मावणारी मोठ्यात मोठी धन संख्या ३२,७६७ आहे. एरियान ४ च्या उड्डाणात ही मर्यादा कधी ओलांडली जाणार नव्हती; एरियान ५ चा मार्ग निराळा असल्यामुळे ती ओलांडली गेली. मुख्य यंत्रणा आणि तिच्या जोडीची राखीव यंत्रणा अशा दोन्ही, एकच आज्ञावली असल्याने, एकाच चुकीने बंद पडल्या. विशेष म्हणजे हा हिशेब एरियान ५ ला उड्डाणानंतर मुळी लागतच नव्हता. जुन्या संहितेत होता म्हणून तो नव्या अग्निबाणातही चालू राहिला.

या अहवालातील एक निष्कर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. अशा धोक्याच्या सात संख्या पूर्वीच ओळखण्यात आल्या होत्या. संगणकावरील भार मर्यादेत राहावा म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण देण्यात आले. उरलेल्या तीन संख्या मोठ्या होणारच नाहीत, असे विचारपूर्वक ठरविण्यात आले होते. निर्णय त्या काळापुरता बरोबर होता. परंतु त्या निर्णयाचे कारण मूळ संहितेत कोठेही नोंदविलेले नव्हते, असे मंडळाला आढळून आले. ते प्रकल्पाच्या प्रचंड कागदपत्रांत बुडून गेले होते. ‘ही संख्या एरियान ४ च्या मार्गावर मर्यादेत राहते, म्हणून येथे तपासणी केलेली नाही’ एवढी एक टीप त्या ओळीशेजारी असती, तर नव्या अग्निबाणासाठी ती फाइल वाचणाऱ्याला थांबून विचार करण्याचे कारण मिळाले असते. त्याने थांबून योग्य निर्णय घेतलाच असता असे नव्हे. पण तशी संधी त्याला लाभली असती. संकलकाला त्या टिपेची गरज नव्हती. वर्षांनंतर येणाऱ्या माणसाला होती.

टीप कशी असावी, याचाही बोध यातून होतो. ‘येथे अठरा मिळविले’ ही टीप निरर्थक आहे, कारण ते ओळीवरून दिसतेच. ‘विरुद्ध टोकाच्या दिशेत १८० अंशांचा फरक असतो व क्रमांक दहा-दहा अंशांचे असतात, म्हणून अठरा’ ही टीप उपयोगाची आहे. संहितेवरून काय केले ते कळते. का केले ते कळत नाही.

मूळ संहिता तिच्या लेखकाच्या अपेक्षेपेक्षा अधिक काळ टिकते, याचा दुसरा पुरावा विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाला. स्मरणशक्तीची जागा वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिले जात. २००० साल उजाडताना ‘००’ म्हणजे १९०० समजले जाण्याचा धोका निर्माण झाला. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांच्या जुन्या संहिता ओळीन् ओळ वाचून दुरुस्त कराव्या लागल्या आणि या कामाचा मोठा वाटा भारतीय कंपन्यांकडे आला. मुंबई, पुणे, चेन्नई आणि बेंगळुरू येथील तरुण अभियंते आपल्या जन्मापूर्वी, परक्या देशांत, अपरिचित माणसांनी लिहिलेल्या फायली वाचीत बसले होते. भारतीय संगणक व्यवसायाची जगात जी प्रतिष्ठा झाली, तिचा बराच भाग अशा रीतीने नव्या लेखनापेक्षा काळजीपूर्वक वाचनातून मिळालेला आहे. ज्या फाइलीत नावे अर्थपूर्ण होती, तिचे काम लवकर झाले. जिच्यात एकाक्षरी नावांची गर्दी होती, तिच्यावर दिवस खर्ची पडले.

नावांचा प्रश्न मराठी वाचकाला आणखी एका दृष्टीने महत्त्वाचा आहे. जावाचे मूळ शब्द इंग्रजीवरून घेतलेले आहेत व ते बदलता येत नाहीत. परंतु वर्ग, रकाने आणि क्रिया यांची नावे युनिकोडमधील कोणत्याही लिपीच्या अक्षरांत देण्यास भाषेची परवानगी आहे. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एकेक क्रमांक देणारी पद्धत असून तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्की या भारतीय संकेतपद्धतीवर आधारलेली आहे. तेव्हा ‘धावपट्टी’ हे वर्गाचे नाव जावात पूर्णपणे वैध आहे. आणि मराठी व कन्नड यांना समान असलेला ‘ळ’ घेऊन ‘देवनहळ्ळी’ हेही वैध आहे. कानाला या नावात पाच अक्षरे ऐकू येतात. संगणकाजवळ मात्र स्वरचिन्हे आणि हलन्त वेगळे मोजून त्याची नऊ चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ या प्रचलित संकेतात प्रत्येकी तीन याप्रमाणे सत्तावीस बाइट.

या सोयीबरोबर काही पथ्ये येतात. फाइल ज्या संकेतात साठविली, त्याच संकेतात ती वाचली गेली पाहिजे. अन्यथा देवनागरी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. पूर्वी जावा ज्या त्या संगणकाचा संकेत गृहीत धरीत असे. २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच गृहीत संकेत झाला आहे. देवनागरी अंक नावांत चालतात, परंतु संहितेतील संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात. याहून सूक्ष्म अडचण ‘वाऱ्याची दिशा’ यासारख्या नावात आहे. त्यातील ‘ऱ’ एका चिन्हाने साठविता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संकलकाला ती दोन निरनिराळी नावे वाटतात. एका फाइलीत एक आणि दुसरीत दुसरे असे झाले, तर चूक डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून एकत्र काम करणाऱ्यांनी टंकनाची एकच पद्धत आधी ठरवून घेणे इष्ट.

मग मराठी माणसाने नावे मराठीत द्यावीत की नाहीत? याचे उत्तर अभिमानावरून नव्हे, तर वाचकावरून ठरावे. ज्या फाइलीवर पुण्याचा, बेंगळुरूचा आणि ऑस्लोचा अभियंता एकत्र काम करणार, तिच्यात सर्वांना समजणारी नावे हवीत आणि आज ती बहुधा इंग्रजी असतात. ज्या शाळेत मुले मराठीतून शिकतात, तेथे ‘धावपट्टी’ आणि ‘विरुद्ध टोक’ ही नावे वर्ग व वस्तू यांची कल्पना अधिक लवकर समजावतील. मूळ कल्पना एकदा पक्की झाली, की नावे बदलणे कठीण नसते. कल्पना न कळता इंग्रजी नावे पाठ करणे मात्र निष्फळ ठरते.

संहितेच्या फाइलीचे बहुतेक नियम, म्हणजे नावाची जुळणी, रकान्यांचा बंदोबस्त, क्रियांची एकाच ठिकाणी मांडणी आणि टिपा, हे एका अपरिचित माणसाचा विचार करून केलेले आहेत. ती व्यक्ती कदाचित लेखक निवृत्त झाल्यावर येईल, दुसऱ्या शहरात बसलेली असेल, आणि तिच्याजवळ फाइलीखेरीज विचारण्यास कोणी नसेल. यास्तव नव्या अभ्यासकाने दोन सवयी आरंभापासून लावून घ्याव्यात. स्वतःची फाइल महिन्याभराने उघडून, ती दुसऱ्याने लिहिली आहे असे समजून वाचावी. जेथे अडखळावे लागेल तेथे नाव बदलावे किंवा कारण नोंदवावे. आणि लिहिण्याआधी चांगल्या लेखकांच्या संहिता वाचाव्यात. आज अशा असंख्य फायली सर्वांसाठी खुल्या आहेत. देवनहळ्ळीच्या धावपट्टीवर पहाटे उतरणाऱ्या प्रवाशाला अशा फायलींची जाणीव असण्याचे कारण नाही. पण वेळापत्रकापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत त्याचा भरवसा त्या लिहिणाऱ्यांवर आणि वाचणाऱ्यांवर असतो.